आधी कान, मग माइक

दर काही महिन्यांनी कुणीतरी मला एका काळ्या वॉकीटॉकीचा फोटो पाठवतं. बाओफेंगचा यूव्ही-५आर, नाहीतर क्वानशेंगचा यूव्ही-के५. खाली किंमत, दोन-तीन हजारांच्या घरातली, आणि सोबत प्रश्न: "काकू, हा घेतला की हॅम रेडिओ सुरू करता येईल ना?" हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, हौस म्हणून रेडिओवरून लांबलांबच्या माणसांशी बोलण्याचा छंद; तो करणारे ते हॅम. विचारणारा बहुतेक वेळा पंचविशीतला असतो, शनिवार-रविवारी गडांवर जाणारा असतो, आणि सेट त्याने आधीच कार्टात टाकून ठेवलेला असतो. मी म्हणते, राहू दे तिथेच.

सेटमध्ये खोट काही नाही. या पैशांत असा सेट मिळतो याचं मला अजूनही नवल वाटतं. अडचण अशी की तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकतो, आणि भारतातल्या हौशी माणसाला त्यातला १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ एवढाच तुकडा दिलेला आहे. उरलेल्या जागेत पोलीस आहेत, बंदरं आहेत, बोटी आहेत. परवान्याशिवाय असा ट्रान्समीटर नुसता घरात ठेवणंही १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा मानलं गेलं आहे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना वॉकीटॉकींबद्दल नोटिसा धाडल्या त्या याच कारणाने: परवाना लागतो हे ते गिऱ्हाइकाला सांगतच नव्हते. ट्रेकमध्ये पुढचा गट आणि मागचा गट एवढंच बोलायचं असेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे, परवानामुक्त सेट मिळतात. ते घ्यावेत आणि सुखाने गड चढावा.

पण तुला खरोखर हॅम व्हायचं असेल तर पहिला पैसा सेटवर खर्च करू नकोस. किंबहुना पहिले काही आठवडे पैसाच खर्च करू नकोस. नुसतं ऐक.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने एक रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवलेला आहे. ० ते २९ मेगाहर्ट्झ, फुकट, ब्राउझरमध्ये. एकाच वेळी शेकडो लोक तो आपापल्या मर्जीने फिरवतात. मी बँकेत नोकरी केलेली बाई. इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध फ्यूजची तार बदलण्यापुरता. मला या छंदाचा नाद लागला तो या पानावर. १४.२ मेगाहर्ट्झच्या आसपास गेलं की आधी बदकं भांडल्यासारखा कलकलाट येतो. मग यूएसबी (अप्पर साइडबँड) हे बटण दाबायचं आणि फ्रिक्वेन्सी अगदी थोडी थोडी सरकवायची. एका जागी ते बदक अचानक माणूस होतं, आणि तो माणूस इटालियन हेलात कुणाला तरी आपल्या गावचं हवामान सांगत असतो. सिंगल साइडबँड या पद्धतीत आवाज वाहून नेणारी मूळ लहर काढून टाकलेली असते आणि ती आपल्या रिसीव्हरने परत घालायची असते; जरा इकडेतिकडे झालं की आवाज चिरकतो किंवा घोगरा होतो. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (लोअर साइडबँड), वर यूएसबी, असा रिवाज आहे. हे पुस्तकात वाचून कळतं, पण कानाला कळायला ती फ्रिक्वेन्सी स्वतः सरकवावीच लागते.

या ऐकण्यातून काय शिकतो? एकतर वेळ. बँडांना, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांना, लहरीच्या लांबीवरून नावं आहेत: १४ मेगाहर्ट्झचा तो २० मीटर, ७ चा तो ४० मीटर. दुपारी २० मीटरवर युरोप गजबजलेला असतो, रात्री तोच बँड ओस पडू लागतो आणि ४० मीटर जागा होतो. दिवसा आयनांबराचा (वातावरणातल्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा डी-थर कमी फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या एफ-थरावर आपटून लांब लांब जाऊन पडतात. सूर्यावरच्या डागांचं सुमारे ११ वर्षांचं चक्र असतं, त्याचाही हिशेब लागतो. सध्याचं पंचविसावं चक्र २०२४ च्या आसपास शिगेला पोचलं, त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं नवशिक्यांना सुगीची गेली.

आणि दुसरं म्हणजे बोलण्याची रीत. कुणी हाक दिली, त्याने आपला कॉल साइन (परवान्यासोबत मिळणारं सांकेतिक नाव) कसा सांगितला, समोरच्याने कधी तोंड उघडलं, मध्ये किती जागा सोडली. हातात माइक आल्याबरोबर "हॅलो, हॅलो, कोणी आहे का" असं ओरडणारा माणूस कधी ऐकलेलाच नसतो हे लगेच ओळखू येतं.

पुढे खर्च करावासा वाटलाच तर संगणकाच्या यूएसबी पोर्टात बसणारा एक डोंगल घ्यावा. आत आरटीएल२८३२यू नावाची चिप असते. ती बनवली होती लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी. २०१२ च्या सुमारास काही खटपट्या लोकांच्या लक्षात आलं की तिच्याकडून कच्चा सिग्नल काढून घेतला तर टीव्हीसोबत बाकीचंही पुष्कळ काही ऐकता येतं. तीनेक हजारांत चांगल्यातला मिळतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं. ते क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दहाएक मिनिटांत जातं, आणि एवढ्या वेळात त्याची फ्रिक्वेन्सी आधी थोडी वर असते आणि मग खाली सरकते, जाणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखी. अधूनमधून तिथून चित्रंही पाठवतात, आवाजाच्या रूपात; मोबाइलवरचं ॲप तो आवाज ऐकून ओळ ओळ चित्र उभं करतं. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला वर असताना इथल्या मुलांशी बोलले ते याच हॅम रेडिओवरून. आमच्या इमारतीतली मुलं तेव्हा आठवडाभर माझ्या मागे होती. नंतर क्रिकेट सुरू झालं.

आता परवाना. इथे बहुतेक जण मागे फिरतात, आणि माझ्या मते उगाच फिरतात.

परवाना देते केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. वय १२ पूर्ण हवं. दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडवाल्याला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉल साइन मिळतो आणि ताकदीची मर्यादा कमी असते. जनरलवाल्याला व्हीयू२ आणि जास्त ताकद, पण त्यासाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने टिंब-रेघांचा मोर्स कोड घेता आणि पाठवता यावा लागतो. परीक्षेची फी १०० रुपये. परवाना २० वर्षांचा हवा तर १,००० रुपये, आयुष्यभराचा हवा तर २,०००. आयुष्यभरासाठी सरकार एवढ्या स्वस्तात दुसरं काही देत असेल तर मला कळवा.

मुंबईकडच्यांची परीक्षा बोरिवलीच्या गोराई रोडवरच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनात होते. अभ्यासक्रमाचे दोन भाग: रेडिओचं तंत्र आणि नियम. ओहमचा नियम, कंडेन्सर, कॉइल, रेझोनन्स, सुपरहेट रिसीव्हर, मॉड्युलेशन, अँटेना. आणि दुसरीकडे क्यू-कोड, आणीबाणीचे संकेत, कुठला बँड कुणाचा. दहावीचं विज्ञान ज्याच्या अंगावरून गेलेलं नाही त्याला रोज तास-दीड तास बसून काही महिन्यांत जमतं. मी पन्नाशी ओलांडल्यावर बसले. परीक्षेच्या खोलीत माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा होता, आणि इंडक्टन्सची आकडेमोड तो माझ्याआधी उरकून खिडकीबाहेर बघत होता.

मग मात्र थांबावं लागतं. छाननी, कागद, पुन्हा कागद. या थांबण्याबद्दल हॅम मंडळींत पुष्कळ कुरकूर चालते आणि ती रास्तही आहे. पण सरकारला ट्रान्समीटर नावाच्या वस्तूची एवढी धास्ती का, याचा इतिहास आपल्या मुंबईतच आहे. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची घोषणा झाली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली, आणि उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांच्या शोधगाड्यांना चकवायला ते शहरात जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला छापा पडेपर्यंत तो चालला. ट्रान्समीटरच्या मागचं डोकं होतं नरिमन प्रिंटर यांचं, आणि ते मुळात परवानाधारक हौशी रेडिओवाले. पुढे तेच माफीचे साक्षीदार झाले, हाही त्या गोष्टीचा भाग आहे. काँग्रेस रेडिओ लागायचा ४२.३४ मीटरवर. आजच्या भाषेत ७.०८ मेगाहर्ट्झ. आपल्या ४० मीटरच्या हौशी पट्ट्याच्या जवळजवळ मध्यावर! सकाळी चहाचा कप घेऊन मी जिथे कोल्हापूरच्या आजोबांशी गुडघेदुखीबद्दल बोलते, त्याच जागी एकेकाळी बोलण्याबद्दल सक्तमजुरी होती. तेव्हा फॉर्म दोनदा भरायला लागला म्हणून मी फार चिडत नाही.

परवाना हातात आला की सेट. दोन मीटरसाठी, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी, मघाचा तो काळा वॉकीटॉकी आता खुशाल विकत घ्यावा. गावाजवळच्या डोंगरावर रिपीटर (ऐकलेला सिग्नल जोरात पुन्हा पाठवणारं यंत्र) असेल तर त्याच्या खांद्यावर बसून बरंच लांब जाता येतं. रिपीटर नसेल तर नजरेच्या टप्प्याएवढंच अंतर, म्हणून हॅम लोक उठसूट डोंगरावर जात असतात. पण ज्या आवाजांनी वेड लावलं ते सगळे एचएफवरचे, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झमधले, आणि तिथले तयार सेट महाग. आयकॉमचा आयसी-७३०० घ्यायचा तर लाखाच्या वर. जुना, दोन-तीन हातांतून गेलेला सेटही तीस-चाळीस हजार मागतो.

इथे हैदराबादच्या अशहर फरहान यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॉल साइन व्हीयू२ईएसई. त्यांनी बिटएक्स नावाचा एक साधा ट्रान्सीव्हर (बोलणं-ऐकणं दोन्ही करणारा सेट) रचला आणि त्याच्या सर्किटचा नकाशा सगळ्या जगाला देऊन टाकला. आपल्याकडच्या बाजारात सहज मिळतील असेच ट्रान्झिस्टर त्यात घेतले. फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागाची कॉइल गुंडाळायला टोरॉइड नावाची परदेशी कडी मिळेना, तर नळाचा नायलॉनचा वॉशर वापरला. परदेशातल्या मासिकांत बघून हळहळण्याचा हा छंद आपल्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात आला तो असा. पुढे २०१६ साली बिटएक्स४० ची जोडलेली सर्किटची पाटी ४५ डॉलरला निघाली, नंतर मायक्रोबिटएक्स आला. त्या पाट्यांच्या कॉइल्स हैदराबादमधल्या बायकांच्या गटाने हाताने गुंडाळल्या, आणि त्या अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत लोकांनी बिस्किटाच्या डब्यांत बसवून चालवल्या. ताकद बिटएक्स४० ची सात वॅटच्या आसपास. सात वॅट म्हणजे घरातला एक एलईडी दिवा. तेवढ्यावर, बँड खुला असेल तर, समुद्रापलीकडे बोलता येतं. चालायला १२ व्होल्टची बॅटरी पुरते.

आणि तरीही माझं म्हणणं असं की सेट ही या सगळ्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. लाखाचा सेट आणि खिडकीच्या गजाला बांधलेली वायर यापेक्षा स्वस्तातला सेट आणि गच्चीवर नीट ताणलेला डायपोल (दोन हातांची साधी वायरची अँटेना) केव्हाही पुढे जातो.

डायपोलचं गणित एका ओळीचं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी २० मीटरला थोडं वर. मधोमध कापायचं, कापलेली दोन्ही टोकं सेटकडून आणलेल्या कोॲक्सला (टीव्हीच्या केबलसारख्या गोल केबलला) जोडायची, झालं. वायर घरात इलेक्ट्रिशियन भिंतीत घालतो तीच चालते. आरजी-५८ कोॲक्स लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत. मोजमापापेक्षा वायर थोडी जास्त ठेवायची आणि मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते याचं माप) बघत बघत बाहेरची टोकं छाटायची. छाटलेली वायर परत चिकटत नाही, हे सांगायला नकोच. हे मोजायला तीन-चार हजारांचं नॅनोव्हीएनए नावाचं एक यंत्र मिळतं, ते एकाकडे असलं तरी चार मित्रांना पुरतं. दोन मीटरसाठी तर याहून सोपं: एका सॉकेटला एक सळी उभी आणि चार खाली झुकलेल्या, प्रत्येक सुमारे ४९ सेंटीमीटर.

गणित सोपं आहे. अवघड आहे ती गच्ची. डोंबिवलीत २० मीटर सरळ मोकळी गच्ची कुणाची असते? आमची नाही. म्हणून मधला भाग पाण्याच्या टाकीवरच्या पाइपाला आणि दोन्ही हात उतरते, कठड्यापर्यंत. याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात आणि ते सरळ डायपोलपेक्षा फार काही मागे पडत नाही. एवढ्या कमी उंचीवर लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि वरून आसपासच्या काहीशे किलोमीटरवर पडतात. त्यामुळे सकाळी नाशिक, कोल्हापूर, हैदराबाद असं स्वच्छ ऐकू येतं, मधल्या सह्याद्रीचा अडथळाच होत नाही.

पण वायर लावायची तर सोसायटी. आमच्या सभेत विषयपत्रिकेवर पाण्याच्या मीटरनंतर माझी वायर होती. विजेला आमंत्रण मिळेल का, रेडिएशनचं काय, वरच्या मजल्यावरच्या टीव्हीला त्रास होईल का, आणि उद्या सगळ्यांनीच वायरी लावल्या तर? शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, लावल्या तर मला फार आनंद होईल. कुणी हसलं नाही. बाकी प्रश्न चुकीचे नव्हते. मी परवान्याची प्रत दिली, मोबाइलच्या टॉवरचं भाडं घेणाऱ्या शेजारच्या इमारतीचा उल्लेख टाळला, आणि पावसाळ्याआधी गडगडाट सुरू झाला की कोॲक्स सेटमधून काढून बाहेर ठेवीन असं लेखी दिलं. हे शेवटचं सोसायटीने सांगितलं नसतं तरी करायलाच हवं. अर्थिंगही नीट घ्यावं. आता सेक्रेटरींचा नातू रविवारी येऊन बसतो.

शहरातला खरा शत्रू मात्र सोसायटी नाही, चार्जर आहे. प्रत्येक घरातले स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचे डबे, सगळे मिळून ४० मीटरवर एक अखंड खरखर पसरवतात. त्यात सात वॅटचा बिचारा बुडून जातो. म्हणून लाइट गेली की इमारतीत सगळे वैतागतात आणि मी बॅटरीवर सेट लावते. खरखर एकदम थांबते आणि तिच्या तळाशी दडलेली स्टेशनं वर येतात. महावितरणच्या भारनियमनाची वाट बघणारी आमच्या भागात मी एकटीच असेन.

बोलायचं काय? धंद्याचं नाही, राजकारण नाही, गाणी वाजवायची नाहीत, गुप्त भाषा वापरायची नाही. सुरुवातीला कॉल साइन, शेवटी कॉल साइन, नोंदवहीत नोंद. एवढं सगळं वगळल्यावर उरतं ते हवामान, अँटेना आणि तब्येत. बाहेरच्याला हे कंटाळवाणं वाटेल. मला त्यात सुटका वाटते. दोन माणसं अर्धा तास बोलली आणि कुणी कुणाचं मत बदलायला गेलं नाही.

हल्ली पुष्कळ जण बोलतही नाहीत. २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ ही संगणकावरून संदेश पाठवायची पद्धत काढली. टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी, पल्सार नावाच्या ताऱ्यांवर काम केलेले. अवकाशातला क्षीण सिग्नल गोंगाटातून उपसण्याची विद्या त्यांनी हॅमना दिली. प्रत्येकी १५ सेकंदांच्या पाळ्या, संगणक संगणकाशी बोलतो: कॉल साइन, नकाशावरचा आपल्या जागेचा चौकोन, सिग्नल किती, नमस्कार. आमचा चौकोन एमके६९. चार्जरच्या गदारोळातही हे चालतं आणि सात वॅटमध्ये ब्राझील मिळतं. जुने लोक नाकं मुरडतात. मी दोन्हीकडून बोलते: नोंदवहीत नवा देश आला की छान वाटतं, पण त्या ब्राझीलवाल्याचा आवाज कसा आहे ते मला कधीच कळणार नाही.

संकटात हॅम उपयोगी पडतात हे वाक्य सगळीकडे असतं, आणि नवशिक्यांना ते फार आवडतं. त्याची खरी गोष्ट बघायची तर भारती प्रसाद या हॅमची. डिसेंबर २००४ मध्ये त्या पोर्ट ब्लेअरला होत्या, त्या एका हौसेसाठी: अंदमानातून अनेक वर्षांत कुणा हॅमला बोलू दिलं नव्हतं, त्यामुळे जगभरचे लोक त्या बेटांच्या कॉल साइनसाठी आसुसलेले होते. परवानगीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. २६ तारखेच्या पहाटे भूकंप झाला, मग त्सुनामी. फोन गेले. जो सेट छंदासाठी नेला होता, जी अँटेना छंदासाठी उभारली होती, त्यावरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला सुरुवात केली. संकटासाठी वेगळा सेट आणलेला नव्हता. आधीचे तीनेक आठवडे त्या रोज माइकवर बसून शेकडो अनोळखी कॉल साइन गोंगाटातून वेचत होत्या, तो सराव त्या दिवशी कामाला आला. नुसता वॉकीटॉकी विकत घेऊन "आणीबाणीसाठी" कपाटात ठेवणाऱ्यांना मी म्हणूनच हे सांगते.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सध्या गाडी अडली आहे ती मोर्सपाशी. जनरलची परीक्षा द्यायची आहे, व्हीयू२ हवाय. कारण विचाराल तर प्रतिष्ठा, दुसरं काही नाही. टिंब-रेघांचा तक्ता पाठ करू नका, असं सगळे सांगतात, अक्षर तालाने ओळखा. तबल्याचे बोल शिकलेल्या माणसाला हे लवकर जमत असावं. मला सी आणि क्यू लगेच आले, त्यांना चाल आहे. पण एच म्हणजे चार टिंबं आणि ५ म्हणजे पाच, आणि मिनिटाला ८ च्या वेगात मला ती मोजता येत नाहीत. सेक्रेटरींच्या नातवाला येतात. तो १२ वर्षांचा होईल पुढच्या मार्चमध्ये, आणि त्याने अर्जाची पीडीएफ आत्ताच काढून ठेवली आहे.